गिसोप सापडत नाही

१

वडिलांचे दिवस उरकून यू मिराननं गुन्सानमधलं आपलं नूडल्सचं दुकान पुन्हा उघडलं, आणि त्याच दुपारी तिला तिची आत्या सापडली.

सापडली ती टीव्हीवर. मिरान कांद्याची पात चिरत होती. भिंतीवरच्या टीव्हीत सोक्चोच्या बंदरावर मासळी सुकवणाऱ्या म्हाताऱ्या बायका बोलत होत्या. आवाज नुसता कानावर पडत होता. त्यातली एक म्हणाली, "आई म्हणाली होती, गिसोपचा हात सोडू नकोस. युद्धातून पळताना हुंगनामच्या धक्क्यावर जहाजात चढायला ही रेटारेटी! पोराच्या हातात भाजलेला बटाटा होता, तो खाली पडला. तो उचलायला वाकला, आणि माझ्या हातात नुसता हातमोजा राहिला."

मिरानची सुरी थांबली. तोच बटाटा तिनं लहानपणापासून ऐकला होता. फक्त तिच्या वडिलांच्या गोष्टीत हातमोजा नव्हता, उघडा पडलेला हात होता.

मिरान आत्याला सोक्चोहून घेऊन शोध-संस्थेच्या तक्रार खोलीत आली तेव्हा म्हातारी काही बोलायला तयार नव्हती. उत्तर-दक्षिण कोरियाच्या युद्धात ताटातूट झालेल्यांची गाठ घालून देणं, एवढ्याचसाठी ती संस्था काढलेली. तक्रारी ऐकायला ग्वाक म्योंगजा बसायच्या. सारी नोकरी त्यांनी पोलिसांत, हरवलेल्या माणसांच्या विभागात काढली होती, आणि निवृत्तीनंतर त्यांना इथे आणून बसवलं होतं. चुकली-हुकली माणसं खूप पाहिलेली, त्यामुळे समोरच्याच्या गप्प बसण्याला त्या घाबरत नसत.

"चहा घ्या, आजी. सातूचा आहे, गरम आहे."

ऱ्यू ओकबुन आजींनी पेल्याला हात लावला नाही. मिराननं पिशवीतून दोन पत्रं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही याच संस्थेची. एक तिच्या वडिलांना आलेलं, एक आत्याला. मजकूर एकच : आपण शोधत असलेल्या व्यक्तीशी जुळणारी नोंद नाही.

"दर वर्षी यायचं हे पत्र," मिरान म्हणाली. "बाबा म्हणायचे, नाही म्हणतायत म्हणजे नसेलच ती. जहाजात चढलीच नसेल. मरताना त्यांनी तिच्यासाठी वेगळी वाटी मांडायला सांगितली मॅडम, मेलेल्यांसाठी मांडतात तशी. आणि ही इथे! जिवंत!"

म्योंगजांनी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली.

तेव्हा कुठे म्हातारीनं तोंड उघडलं. उत्तरेकडचा जाड हेल, इतक्या वर्षांत जरासुद्धा न पुसलेला.

"मी तुम्हाला विचारलं. त्यानं तुम्हाला विचारलं. दोघंही तुमच्याच दारात उभे. मग तुम्ही नाही का म्हणालात?"

२

कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख थाक जेह्योक हे हुशार, तरतरीत गृहस्थ. शोधाची सगळी व्यवस्था त्यांनीच बसवलेली.

"मॅडम, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," त्यांनी खुर्ची फिरवत सांगितलं. "माणसं खोटी माहिती देतात. जन्मसाल चुकीचं सांगतात, गाव चुकीचं सांगतात. आम्ही काय करणार?"

"तर मग बघू या. तो माणूस तुमच्याकडे आहे का, एवढं आधी सांगा."

थाकनी मिरानच्या वडिलांचा अर्ज क्रमांक टाकला. क्षणात नोंद समोर आली. यू गिसोप, गाव उत्तरेकडच्या हामग्योंग प्रांतातलं, बहिणीचं नाव ओकबुन, धंदा जाळी विणण्याचा. फोटोतला माणूस थोडासा हसत होता.

"आहे तर!"

"आहे."

"आता त्याला आजींच्या बाजूनं शोधा."

थाकनी आजींचा अर्ज उघडला. त्यात त्यांनी शोधायला दिलेलं भावाचं नाव होतं, चिनी अक्षरांत. ते तसंच्या तसं उचलून त्यांनी शोधाच्या रकान्यात टाकलं आणि बटण दाबलं.

जुळणारी नोंद नाही.

"जन्मसाल," थाक लगेच म्हणाले. "हे बघा, आजींनी दिलेलं साल वेगळं आहे. चांद्रवर्षानं सांगितलं असणार. झालं तुमचं कोडं!"

"मग साल काढून टाका. गावही काढा. फक्त नाव ठेवा."

नुसतं नाव ठेवून थाकनी पुन्हा बटण दाबलं.

जुळणारी नोंद नाही.

थाक जरा पुढे सरकले. नावाच्या मागेपुढे चुकून मोकळी जागा सुटली असेल म्हणून तीही पुसून पाहिली. गिसोपचा अर्ज कुणी बंद करून ठेवलाय का ते तपासलं. उघडाच होता, थेट मरणापर्यंत. पुन्हा तेच उत्तर आलं. डावीकडच्या पडद्यावर गिसोप हसत होता आणि उजवीकडचा पडदा सांगत होता, की असा कुणी नाहीच.

"नाव चिनी अक्षरांत कशाला शोधता?" म्योंगजांनी विचारलं. "आपल्या साध्या लिपीत का नाही?"

"तिथेच तर खरी गडबड असते. ही उत्तरेकडची माणसं स्वतःला ऱ्यू म्हणवतात, इकडे आल्यावर त्याच आडनावाचं यू होतं. उच्चाराप्रमाणे लिहिलं की एकाच घरातली दोन आडनावं. म्हणून मी चिनी अक्षर धरलं. ते दोघांचं एकच. विलो झाडाचं अक्षर. बघा ना, दोन्हीकडे तेच आहे."

म्योंगजांनी चष्मा पुसला आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवून बघितले. प्रत्येक रेघ तीच. कुठे ठिपक्याचाही फरक नव्हता.

"आणि तंतोतंत जुळलं तरच नोंद दाखवायची, हे कुणी ठरवलं?"

थाकनी नजर दुसरीकडे वळवली. "ते नामगुंग साहेबांना विचारा."

३

संचालक नामगुंग साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त थकलेले होते.

"एकदा आपण चुकीच्या माणसांची गाठ घालून दिली होती, मॅडम. दोन म्हातारे गळ्यात गळे घालून रडले, पेपरात फोटो आले, आणि मग कळलं की भाऊच नव्हेत. त्यातला एक त्या धक्क्यातून उठलाच नाही. तेव्हा मी सांगितलं, यापुढे अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय कुणाला काही कळवायचं नाही. चूक होती का माझी?"

म्योंगजांना हो म्हणवेना.

"आता त्या आजींना सोक्चोला सोडून या, चांगली भेटवस्तू द्या. भाऊ तर गेलाच आहे. उकरून काय मिळणार?"

"तो गेला, साहेब. पण असे आणखी किती आहेत हे कुणाला ठाऊक? यातले सगळे ऐंशीच्या पुढचे. आपण इथे बोलतोय तोवरसुद्धा कुणीतरी जात असेल."

नामगुंग साहेबांनी हातानंच 'करा काय ते' अशी खूण केली.

आता राहिली पांग योनसिल. रोजचे शोध तीच चालवायची, पत्रांवर सहीही तिचीच. म्योंगजा समोर बसताच तिचे डोळे भरून आले.

"मला माहीत होतं, शेवटी माझ्यावरच येणार. ताई, मी फक्त बटण दाबते हो! येईल ते उत्तर पाठवते. मी का लपवू कुणाचा भाऊ?"

"तू लपवलंस असं मी म्हटलं का? मला फक्त सांग, या कामात तुला कधी काही खटकलं का. अगदी फालतू वाटलं तरी चालेल."

योनसिलनं नाक पुसलं.

"एक आहे, पण हसाल."

"नाही हसणार."

"सगळी माणसं चिनी अक्षरांच्या क्रमानं लावली ना, की एक गंमत दिसते. यू आडनावाचे काही जण मध्ये, आपल्या जागी असतात, आणि बाकीचे पार शेवटी, सगळं संपल्यावर. 'ना' आडनावाचं तेच, 'नो'चंही तेच. अक्षर तेच, पण माणसं दोन ठिकाणी. आम्ही त्यांना 'शेपटातले' म्हणतो. थाक साहेबांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, जुना माल आहे, क्रम बिघडला असेल, तू लक्ष नको देऊस."

"गिसोप कुठे आहे?"

योनसिलनं पडदा खाली खाली सरकवला. अगदी तळाशी.

"शेपटात."

"आणि आजी?"

पडदा पुन्हा वर गेला. ओकबुन आजी मध्ये होत्या, आपल्या जागी.

म्योंगजा उठल्या. एकाच रांगेतली दोन भावंडं आणि मध्ये हे एवढं अंतर. इतक्या लांब कुणी नेऊन ठेवलं त्याला?

"गिसोपचा अर्ज कॉम्प्युटरवर कुणी चढवला?"

"गुन्सानच्या शाखेत चढला. पे छुनसिम बाई होत्या तिथे. आता घरीच असतात."

४

पे छुनसिम बाईंनी दार उघडलं, ओळख ऐकली आणि दार पुन्हा लावायला निघाल्या.

"मी काही चुकीचं टाइप केलेलं नाही! त्या मिराननंच पाठवलं ना तुम्हाला? तिच्या दुकानात जायची सोय नाही आता. बाजारात सगळ्या माझ्याकडे बघतात."

"छुनसिम बाई, मी त्या नावाची रेघ न् रेघ तपासून आलेय. काहीही चुकलेलं नाही."

"मग कशाला आलात?"

"न चुकता माणूस कसा हरवला ते विचारायला."

तेव्हा बाई बाजूला झाल्या. आत ओंडोलची, खालून तापवलेली जमीन ऊबदार होती. बाईंनी सोललेलं पेअर पुढे केलं, स्वतः मात्र खाल्लं नाही.

"गिसोप भाऊ फार गोड माणूस. चिनी लिहिता यायचं नाही त्यांना. मला म्हणाले, विलोचं अक्षर आहे आमचं, एवढंच ठाऊक. मीच टाकलं. बहिणीच्या नावालाही मीच टाकलं."

"कसं टाकलं? मला करून दाखवाल?"

कोपऱ्यातल्या टेबलावर सुनेचा कॉम्प्युटर होता. छुनसिम बाईंनी चष्मा लावला. "आवाज टाइप करायचा, मग ही कळ दाबायची. त्या आवाजाची सगळी चिनी अक्षरं खाली येतात. त्यातलं आपलं उचलायचं." त्यांनी 'यू' टाइप केलं, कळ दाबली, ओळीतून विलो उचललं. "झालं."

"भाऊ स्वतःला काय म्हणायचे? यू की ऱ्यू?"

"यूच. लहानपणी अनाथाश्रमात नाव लिहिलं तेव्हापासून यू. इकडे सगळे तेच म्हणतात."

म्योंगजांच्या कानात सोक्चोच्या म्हातारीचा जाड हेल घुमला. ती स्वतःला काय म्हणवायची? ऱ्यू ओकबुन.

"आता त्याच्याखाली 'ऱ्यू' टाइप करा. आणि तेच अक्षर उचला."

बाईंनी तसं केलं. आता पडद्यावर वर विलो आणि खाली विलो, जुळ्या भावंडांसारखी.

"एकच आहे की हो," छुनसिम बाई म्हणाल्या.

"आता यातलं वरचं उचलून, या पानावर हे अक्षर कुठे कुठे आहे ते कॉम्प्युटरला शोधायला सांगा."

छुनसिम बाईंनी बटण दाबलं. वरचं अक्षर पिवळं झालं.

खालचं नाही.

बाईंनी पुन्हा दाबलं, मग पुन्हा. खालचं विलो काळंच राहिलं, जणू ते तिथे नव्हतंच. बाईंनी हात कळीवरून काढून एप्रनखाली लपवला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे मीच."

"नाही," म्योंगजा म्हणाल्या.

५

नामगुंग साहेबांच्या खोलीत सगळे जमले. म्योंगजांनी थाकच्या कॉम्प्युटरवर तोच प्रयोग करून दाखवला. वरचं विलो पिवळं, खालचं काळं.

"कुणी काही लपवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जन्मसाल नाही, गाव नाही, मोकळी जागा नाही. नुसतं नाव ठेवलं तरी उत्तर नाही आलं, म्हणजे दोष नावातच. नाव तर डोळ्यांना एकच दिसतं. म्हणजे फरक असेल तर तो न दिसणारा. शेपटातली माणसं बघा, 'यू', 'ना', 'नो'. ही सगळी आडनावं अशी, की उत्तरेत एक उच्चार आणि इकडे दुसरा. ज्याला 'ऱ्यू' म्हणून टाइप केलं तो मध्ये आहे, ज्याला 'यू' म्हणून टाइप केलं तो शेवटी. अक्षर एकच असतं तर माणसं दोन ठिकाणी कशी जातील? ते एक नाहीच. आता पुढचं तुम्ही सांगा, थाक साहेब. का ते मला कळत नाही."

थाकचा चेहरा पांढरा पडला होता. ते खुर्चीत बसले नाहीत.

"कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही," ते कष्टानं बोलले. "त्याच्या पोटात प्रत्येक अक्षराचा एक आकडा असतो. फार पूर्वी आपल्याकडे ही अक्षरं भरली ती उच्चाराच्या क्रमानं. ज्याचे उच्चार दोन, ते दोनदा भरलं. दोन जागा, दोन आकडे. मी हे शिकलो होतो. कॉलेजात शिकलो होतो." त्यांनी कपाळ दाबून धरलं. "उच्चाराचा घोळ टाळायला मी चिनी अक्षर धरलं, आणि उच्चार त्याच्या आत लपून बसला. भावानं शोधलं 'यू'च्या आकड्यानं, बहीण बसलेली 'ऱ्यू'च्या आकड्यावर."

"मग हे इतकी वर्षं लक्षात कसं नाही आलं?" नामगुंग साहेबांनी विचारलं.

"दोघंही 'यू' म्हणणारे असले की नीट जुळतं. जी जुळली त्यांच्यासाठी आपण समारंभ केले. जी जुळली नाहीत ती दिसलीच नाहीत. जे सापडत नाही त्याची तक्रार कोण करणार? त्यांना वाटलं, माणूसच नाही."

"दोन्ही आकडे एकच धरून सगळ्यांचा शोध नव्यानं लावा," म्योंगजा म्हणाल्या.

थाकनी काही ओळी लिहिल्या. त्याला फार वेळ लागला नाही, आणि तेच जास्त लागलं सगळ्यांना. त्यांनी बटण दाबलं.

पडदा भरला. भरून खाली सरकला, आणि सरकतच राहिला. भाऊ, बहीण, आई, मुलगा. योनसिलनं तोंडावर हात ठेवला. यातल्या प्रत्येकाला तिनं सही करून पत्र पाठवलं होतं.

"बाहेर नको जायला हे," नामगुंग साहेब म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळानं ते स्वतःच म्हणाले, "फोन कुणी करायचे?"

६

फोन योनसिल आणि म्योंगजांनी वाटून घेतले. पहिला लागलाच नाही, नंबर बंद झालेला. दुसऱ्यावर मुलगा होता, आई मागच्या हिवाळ्यात गेली म्हणाला, आणि मग विचारलं, "मामा अजून आहेत का?" मामाही नव्हते. एका घरी सुनेनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता कशाला सांगता हो हे?" त्यावर म्योंगजांनी माफी मागितली. दिवसभर त्या माफीच मागत होत्या. शब्द बोथट होत गेले.

ओकबुन आजींना मात्र फोनवर सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या सोक्चोला गेल्या. मिरान तिथेच होती. आत्याजवळ बसून मासळी उलटत होती.

म्योंगजांनी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. आजी ऐकत होत्या. हात थांबले नाहीत.

"म्हणजे त्याचं नाव नीट लिहिलं होतं?"

"हो, आजी."

"माझंही?"

"तुमचंही."

"दोन्ही सारखी दिसायची?"

"अगदी सारखी. पण कॉम्प्युटरला दिसत नाही ना आजी. तो फक्त आकडे जुळवतो."

आजींनी हातातला मासा खाली ठेवला.

"त्याला दिसत नाही. बरं. पण तुम्हाला तर दिसत होतं? तुम्ही तरी बघायचं होतंत."

राग नव्हता आवाजात. राग असता तर म्योंगजांना सोपं गेलं असतं. त्यांनी मान खाली घातली. मिरान रडायला लागली, आणि आजींनी खारट हातानंच तिच्या पाठीवर थोपटलं.

"आमच्यासारखे आणखी आहेत?" आजींनी विचारलं.

"आहेत. पुष्कळ."

"जिवंत?"

"थोडे. एक आहेत जिंजूला, नो आडनावाचे. योनसिलनं त्यांना फोन केला तेव्हापासून फोनजवळून हललेच नाहीत म्हणे. त्यांची बहीण थोंगयोंगला असते. तिचा फोन काही लागत नाहीये."

"मग इथे माझ्यापाशी काय बसलीस?" आजी म्हणाल्या. "जा."

बसस्टँडवर उभं राहून म्योंगजांनी थोंगयोंगचा नंबर पुन्हा लावला. या वेळी कुणीतरी उचलला. म्हातारा, चिरका आवाज.

"कोण? मोठ्यानं बोला."

"आजी, मी शोध-संस्थेतून बोलतेय. तुमचा भाऊ सापडलाय. भाऊ!"

"काय? विमा? नको बाई मला विमा. कान गेलेत माझे. सून बाजारात गेलीय, ती आल्यावर करा."

"विमा नाही, आजी! भाऊ! जिंजूला आहेत! जिवंत आहेत!" म्योंगजा ओरडल्या. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

"नको म्हटलं ना," म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

म्योंगजांनी पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. मग त्या खिडकीपाशी गेल्या आणि थोंगयोंगचं तिकीट मागितलं.

"थेट नाही, काकू. पुसानला उतरून बदलावी लागेल. आणि पुसानची आत्ताच गेली. पुढची बरीच उशिरा आहे."

"द्या," म्योंगजा म्हणाल्या, आणि तिकीट हातात धरून फलाटावर उभ्या राहिल्या.